आधी बोर्ड, मग चिवडा

चँडलर शहरातल्या एका हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. फ्लूच्या गर्दीत माझ्या सूचनांच्या ईमेल उघडायला एकाही नर्सला फुरसत नसायची. वॉर्डाच्या डेस्कवर बसणाऱ्या काकूंनी मात्र पांढऱ्या बोर्डाखाली चिवड्याचा डबा ठेवला होता. बोर्डावरच्या सूचना समोरच्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय त्या झाकण उघडत नसत. मलाही म्हणायच्या, "तुझी ईमेल राहू दे रे, आधी हे वाच."

एका आठवड्यात तर नर्सना धड जेवायलाही मिळत नव्हतं. एकदा वॉर्डाच्या मॅनेजरनं डब्याकडे हात नेला. काकूंनी झाकणावर तळवा ठेवला आणि मानेनंच बोर्ड दाखवला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "नर्सेस जेवून येईपर्यंत आज फोन मॅनेजर घेतील."

तो वळला तेव्हा नर्सेस आपापले डबे घेऊन पसार झाल्या होत्या. काकूंनी फोन आणि चिवडा, दोन्ही त्याच्यापुढे सरकवले.