जावेचा हात

सुनेच्या बाजेखालच्या ओव्याच्या धुरीचा वास आला की मला गावाबाहेरची ती विटाळाची झोपडी आठवते. पहिलटकरीण मी, बाळंत होऊन तिथं तापानं फणफणले होते. “विटाळ फिटल्याबिगर दवाखान्यात जाता येत नाई,” सासू दारातूनच सांगायची.

तेवढ्यात जाऊ गडचिरोलीच्या माहेरून बाळंत होऊन परतली. गुबगुबीत लेकरू घेऊन दारात आली नि म्हणाली, “नर्सबाई घरी येऊन मले तपासून जाय. तुले कोणी पाह्यलं नाई काय?” तिचा भरलेला चेहरा बघून मी आतून जळाले.

ती तशीच आत आली. माझ्या कपाळाला हात लावून ओरडली, “बंडी जुंपा!” सासू नको नको म्हणत राहिली. तिनं ऐकलं नाही, बैलगाडीत घालून मला दवाखान्यात नेलं.

मी वाचले. सासूचं न ऐकण्याची तिची ती हिंमत माझ्यात नव्हती. तिचा हेवा अजून वाटतो.