देवकाची ओळ

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी आणि माझा एक सहकारी, आम्ही दोघं एकाच नोटबुकात काम करायचो. कागदाचं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. एका चौकटीत माहिती आणि नियम लिहायचे, दुसरीत प्रश्न टाकायचा, की खाली उत्तर: खरं किंवा खोटं. कोणता वाण कोणाशेजारी पेरला तर पराग उडून बी बिघडेल, एवढंच त्याला विचारायचं. तो माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. "मॅडम, हा नियम जरा उलटा होऊन राह्यला," असं इतक्या अदबीनं म्हणायचा की भांडताच येत नसे. मला तो भयंकर आवडायचा. उगाच कशाला लपवू?

घरी, कुंभार पिंपळगावला, मी दोन स्थळं नाकारली होती. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "तुझ्या पसंतीचा आण, मंग तर झालं? फक्त देवक आपलं नको. तेवढं बिलकुल चालायचं न्हाई." देवक म्हणजे कुळानं पूजलेलं झाड किंवा पान. दोघांचं एकच निघालं की ती भावंडं, लग्नाचा विषय संपला.

एका दुपारी काम आटोपल्यावर मला काय सुचलं कोण जाणे. वाणांच्या नियमांखाली मी नवी चौकट उघडली आणि लिहिलं: देवक एक, तर अडचण. माझं देवक लिहिलं, पंचपालवी. मग विचारलं, मला आणि त्याला अडचण? उत्तर आलं, खोटं. मी खुर्चीसकट गिरकी घेतली. शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले.

चहा पोटात गेल्यावर अक्कल आली. त्याचं देवक मी लिहिलंच कुठं होतं? या यंत्राला जे सांगितलं नाही, ते त्याच्या लेखी नाहीच. आणि जाऊन विचारावं, तर आमच्याकडे पोरीनं पोराला देवक विचारणं म्हणजे मागणीच घालणं. निदान लिहिलेलं पुसून टाकावं म्हणून पुन्हा नोटबुकात गेले, तर माझ्या ओळीखाली एक ओळ जास्त होती. त्याचं देवक, कळंब. प्रश्नही पुन्हा चालवलेला होता. अडचण? खोटं. या वेळचं खोटं खरोखरचं होतं.

नोटबुक दोघांचं आहे, मी लिहिलेलं त्याच्याही पडद्यावर दिसतं, हे मी वेंधळी साफ विसरले होते. कानशिलं तापली, हसू आवरेना, आणि मान वर करायची तर बिलकुल हिंमत होईना.

तेवढ्यात खाली आणखी एक चौकट उघडली. माझ्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर उमटत गेलं: मॅडमना मी पसंत?

उत्तर आलं, खोटं.

असा राग आला मला त्या यंत्राचा. पण त्याला तरी कुणी सांगितलं होतं? मी पसंतीची एक ओळ लिहिली, त्याचाच प्रश्न पुन्हा चालवला आणि डोळे घट्ट मिटून बसले.

"खरं," समोरच्या टेबलावरून त्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "खरं."