सोडलेल्या गावातली फटफटी

फाल्गुनात आमची तुकडी सोलापूरला आली. एकोणीसशे विसाच्या दशकातली गोष्ट. कॅम्प शहराच्या दक्षिणेला, होटगीच्या रस्त्यालगत होता. आम्हा सहा जणांना डिस्पॅच रायडर करायचं ठरलं होतं, म्हणजे मोटारसायकलवरून निरोप पोचवणारे. मी सांगोल्याकडचा, मेंढरांमागे वाढलेला. त्याआधी साधी सायकलही चालवली नव्हती.

शिकवायला अक्कलकोटकडचे हवालदार मल्लप्पा होते. साडेपाचला फॉल-इन, सहाला गाडी चालू. क्लच डाव्या हाताला, गिअरचा दांडा टाकीच्या उजव्या बाजूला. गिअर बदलताना उजवा हात हँडलवरून सुटायचा आणि तेवढा वेळ गाडी एका हातावर चालायची. पहिल्या चार दिवसांत मी अकरा वेळा पडलो. टेंभुर्णीचा लान्स नायक गणपत माने दोनदाच पडला. त्याची खाट माझ्या शेजारी होती. क्लच कसा सोडायचा ते मला हवालदारांपेक्षा त्यानेच नीट सांगितलं. बैलाचा कासरा सैल करतो तसा सोड, म्हणायचा.

सडकेवर जमलं की काळ्या रानात. तिथल्या भेगांत अख्खं चाक अडकायचं. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे टाकीला आवळायचे आणि नजर चाकाजवळ न ठेवता वीस पावलं पुढे ठेवायची, हा मल्लप्पांचा नियम. मला तो कळत होता, जमत नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात परीक्षा होती. नदीकाठच्या पिकेटवर, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीवर, निरोपाची पिशवी द्यायची, सही घेऊन परतायचं. माने अकराला निघाला, मी अकरा दहाला. नकाशातली गाडीवाट एका गावातून जात होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे आता पुन्हा लोक नांदतात.

वेशीत बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास आडवे टाकले होते. गाडी जाईल एवढे ते एका बाजूला ओढलेले होते आणि मधल्या फुफाट्यात मानेच्या टायरची खूण होती. मी आत शिरलो.

भर दुपारचं ऊन. गावात कुत्रं नाही, धूर नाही. काही दारं सताड उघडी. एका ओट्यावर सुपात निवडायला घेतलेली ज्वारी तशीच होती, आणि तिच्यावर चिमणीसुद्धा बसलेली नव्हती.

मग पुढच्या बोळातून मानेच्या गाडीचा आवाज आला. मी वेग वाढवला. तिनेही वाढवला. मी हळू झालो, ती हळू झाली. मी वळलो तर आवाज माझ्या पाठीमागे आला. मी इंजिन बंद केलं. तोही आवाज बंद झाला.

तेव्हा उमगलं. माझ्याच गाडीचा आवाज धाब्याच्या घरांच्या भिंतींवरून परत येत होता. उमगलं तरी अंगावरचा काटा गेला नाही. खाली पाहिलं तर उंबऱ्याशी तीन उंदीर मरून पडले होते. गाव का सोडलं तेही कळलं. प्लेग.

टायरची खूण गावात आली होती. बाहेर गेलेली मला कुठे दिसेना. मी पायी तिच्यामागे गेलो. बोळ संपला तिथे वळणावर विहीर होती, कठडा ढासळलेला. विहीर कोरडी होती. तळाशी माने, आणि छातीपासून खाली गाडी त्याच्या अंगावर.

मी हाक मारली. त्याने ओळखलं.

"मघाशी मागं तूच व्हतास न्हवं?"

"न्हाय. मी आत्ता आलो."

"गाडी येत व्हती मागनं. लई जवळ. म्हनून वळून बघितलं." मग म्हणाला, "पिशवी पोच कर."

एकट्याने तो निघणार नव्हता. विहिरीजवळून दूर रानात खोपटं दिसत होती, गावकऱ्यांचीच. मधे काळं रान. मी गाडी घातली. उभा राहिलो, गुडघे आवळले, नजर खोपटांवर. त्या दिवशी मी पडलो नाही.

माणसं लांबच थांबली. गावात पाऊल टाकायचं नाही असं ठरलंय, म्हणाली. एक म्हातारा धनगर पुढे आला. त्याच्या दोन सुना त्याच महिन्यात गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"मानूस जित्ता हाय न्हवं?" त्याने विचारलं.

"व्हय."

"मग चला की."

मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, खांद्यावर टाकून तो माझ्यामागे कॅरिअरवर बसला. गाडीवर तो पहिल्यांदाच बसत होता. त्याचा जावई मागून बैल आणि छकडा घेऊन आला. मी विहिरीत उतरून मानेला बांधलं, बैलांनी मोटेसारखं ओढून वर काढलं. म्हाताऱ्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कमरेच्या भोपळ्यातलं पाणी पाजलं. माने दोन घोट प्यायला. छकड्यातून होटगीला दवाखान्यात नेताना वाटेत, एक चाळीसला, तो गेला.

पिशवी पिकेटवर सव्वातीनला पोचली. उशिराचं कारण मी कळवलं.

दहा दिवस मला वेगळ्या तंबूत ठेवलं. आम्हा शिपायांना प्लेगची लस टोचलेली होती. मला काही झालं नाही. मग मानेचं सामान घेऊन टेंभुर्णीला गेलो. त्याची आई चुलीपाशी बसली होती. तिने गाडीचं विचारलं नाही, विहिरीचं नाही.

"शेवटाला पानी कुनी पाजलं?"

मी सांगितलं.

"नाव काय त्येचं?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "इचारून ये, बाबा."

पुढच्या सुट्टीत खोपटांकडे गेलो. जावई भेटला. म्हाताऱ्याचं नाव बिरप्पा. आम्ही गावातून गेल्यावर पाचव्या दिवशी त्याला ताप आला, आठव्या दिवशी तो वारला. त्याला कसली लस टोचलेली नव्हती. जावयाने मला दोष दिला नाही. बसायला घोंगडं टाकलं.

मी टेंभुर्णीला परत जाऊन मानेच्या आईला नाव सांगितलं, आणि पुढचंही सांगितलं. ती ते नाव दोनदा पुटपुटली. त्या वर्षापासून मुलाच्या तिथीला ती दोन पानं वाढायची.

पलटणीच्या नोंदीत त्या दिवसाखाली एकच नाव आहे: लान्स नायक गणपत माने. मी इथे त्याच्याखाली दुसरं लिहितो. बिरप्पा, राहणार त्याच गावचा.