कमरेवर थापा

आमच्या गंगाखेडात रोलर डर्बी आणली ती शाळेतल्या खेळाच्या बाईंनी. लग्नाची तिथी नसली, की मंगल कार्यालयाची गुळगुळीत फरशी आम्हा दहा बायकांना मिळे. चाकांचे बूट घालून गोल फिरायचं, एवढंच मला वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन्ही संघांतल्या, हेल्मेटवर चांदणी लावलेल्या एकेकीनं समोरच्या संघातल्या चौघींच्या धक्क्यांतून वाट काढायची. एकदा सुटली, की पुढच्या फेऱ्यांत मागे टाकलेल्या प्रत्येकीमागे एक गुण. डाव दोन मिनिटांचा. आधी सुटलेल्या चांदणीवालीनं दोन्ही हातांनी कमरेवर थापा मारल्या, तर मात्र तो तिथंच थांबतो.

चांदणी मला मिळाली, कारण मी सगळ्यांत बारीक. दमही सगळ्यांत कमी. त्यात लहानपण राणीसावरगावच्या शेतात खुरपण्यात गेलेलं. पाठ भरून आली, की उभं राहून कमरेवर दोन थापा मारायच्या, ही आमच्याकडच्या बायकांची सवय. मिनिटभरात मला धाप लागे, हात आपोआप कमरेवर जात आणि शिट्टी वाजे.

"अवो, तुमी खेळायलाव का खुरपायलाव?" बाई म्हणाल्या. "आता परत असं केलंत, तर चांदणी दुसरीला."

मला ते लागलं. घरात आरंभशूर म्हणून माझी ख्याती आधीच होती. तिच्यात भर नको होती. आईला फोन केला. ती आधी पोटभर हसली.

"मंग आमी काय मधीच कमर धरून उभं राहतो व्हय? वाट्याला आलेली पात बांधाला लागल्यावर थापा. तवर नुसतं म्होरलं गवत बघायचं."

महिनाभर मी हात छातीशी धरून नुसती पुढचीची पाठ बघत पळाले. पाय कुरकुरतात, पण चालतात, हे मला चाळिशीत कळलं.

सामना शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरींशी होता. शेवटच्या डावाला आम्ही दोन गुणांनी मागे. मी आधी सुटले. एक, दोन, तीन जणी मागे टाकल्या आणि आम्ही एका गुणानं पुढे गेलो. छाती फुटायची बाकी होती. कडेनं बाई ओरडत होत्या, "कमरेवर मारा! कमरेवर!" मला वाटलं, टोमणा मारायल्यात. मी हात आणखी घट्ट आवळले आणि दुप्पट जोरात पळाले, पण चौथी काही वाट देईना. तेवढ्यात त्यांच्या चांदणीवालीनं आमच्या दोघी मागे टाकल्या आणि वेळ संपली. एका गुणानं हरलो. डाव मी वेळेवर थांबवला असता, तर सामना आमचा होता.

बाई कपाळाला हात लावून बसल्या. मी माफी मागायला गेले, पण तोंडावरचं हसू आवरेना. पुरी दोन मिनिटं पळून मी पायांवर उभी होते आणि मला लय बरं वाटत होतं. बाईंनी माझ्या हेल्मेटला हात घातला. चांदणी काढायल्यात असंच मला वाटलं. त्यांनी ती नीट सरळ बसवली.

"दम तर आला," त्या म्हणाल्या. "आता जराशी अक्कल बी येऊ द्या."