राख लावलेला भुगा

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. शेवटच्या वर्षी प्रकल्पाचे विषय ठरत होते तेव्हा वर्गात मी पहिल्यांदाच हात वर केला. "सर, पऱ्हाटीपासून फोम करून पाहू का?" कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती वाळली पऱ्हाटी. आमच्याकडे ती चुलीत जाते.

भुगा घरीच कुटला, चाळला, डब्यात भरला आणि एसटीने कारंजाला कॉलेजात नेला. ग्लिसरीन आणि थोडं आम्ल घालून तापवला की तो विरघळून काळपट पाक व्हायला हवा होता. दोनदा तापवला. दोन्ही वेळा तळाशी भुगा तसाच. सर रागावले नाहीत. "शनिवारपर्यंत बघ. नाही तर लायब्ररीतून होईल असा विषय घे," एवढंच म्हणाले. पण मला हाच विषय हवा होता.

त्या दिवशी कोरड्या भुग्यावरच आम्लाचा थेंब टाकून पाहिला. चुरचुरून बुडबुडे आले. नुसती पऱ्हाटी अशी चुरचुरत नाही.

घरी आल्यावर विचारलं, "माय, डब्यात काही टाकलं होतं काय?"

"राख," भाकर थापत ती म्हणाली. "मुगाले लावतो तशी. कीड लागन म्हनून."

"पऱ्हाटीले कायची कीड?"

"लाकडाले घुन नाही लागत काय? मोठी आली कॉलेजवाली!"

मला हसू आलं. राख आम्लाला मारते; माझं आम्ल त्या राखेतच संपत होतं. दुसऱ्या दिवशी भुगा फडक्यात बांधून चार पाण्यांनी धुतला आणि जुन्या लुगड्यावर वाळत घातला. शेजारची काकू कुंपणावरून ओरडली, "अवं, तुई पोरगी जळन धुवून राह्यली!"

"धुवू दे," माय म्हणाली. "अभ्यास हाय तो तिचा."

शनिवारी पाक झाला. त्यात दुसरं रसायन घालून घोटलं आणि हात मागे घेतला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तपकिरी फेस कागदी कपाच्या काठावर आला, आणखी वर चढला आणि तिथेच घट्ट झाला. सरांनी नंतर बोटाने दाबून पाहिला. "विषय हाच राहू दे," म्हणाले.

एक तुकडा घरी आणला. मायने तो दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हे आपली पऱ्हाटी होय?"

"हो."

तिने तो चुलीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवला. "आन् याले कीड लागते काय?"

मला ते खरंच माहीत नव्हतं. सोमवारी सरांना विचारीन, असं मी तिला म्हणाले.