मुठीवरची चकाकी

माझे सासरे सुऱ्या घडवतात आणि त्यांच्या कामात कोणी नाक खुपसलेलं त्यांना खपत नाही. आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली मुठी बसवतेय, पण माझं मत त्यांनी कधी विचारलं नाही. या वेळी गिऱ्हाईक माझा धाकटा भाऊ होता, तेव्हा मी गप्प बसणार नव्हते.

भाऊ पाणबुड्या आहे. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोर तो पाण्याखाली जाऊन कापतो. मागच्या खेपेला दोर त्याच्याच पायाला गुंडाळला गेला आणि गारठलेल्या बोटांनी घडीचा चाकू काही उघडेना. सोबत्याने वर ओढला म्हणून वाचला. सोमवारी त्याला पुन्हा उतरायचं होतं.

"घडी नको, काका. पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग हवं," भाऊ म्हणाला.

"ते मला शिकवू नकोस," म्हणत सासऱ्यांनी त्यांचं लाडकं काळं पोलाद काढलं. धार टिकते, पण खाऱ्या पाण्यात आठवड्यात गंजेल, असं मी म्हटलं.

"रोज तेल लावेल तो."

"पाण्याखाली?"

माझ्याकडे डोळे वटारून त्यांनी न गंजणारी पट्टी घेतली. स्वतःलाच भोसकायला नको म्हणून टोक बोथट ठेवलं आणि दोरासाठी अर्ध्या धारेला करवतीसारखे दाते पाडले. लाकूड फुगतं, म्हणून मूठ कडक फायबरची केली. एवढं त्यांनी माझं ऐकलं. पण मुठीला चकाकी द्यायचीच, ती त्यांची ओळख होती. शनिवारी सुरी तयार झाली तेव्हा मुठीत बघून भांग पाडता आला असता.

मी बादलीत बर्फ ओतला, भावाला हातमोजा चढवून हात आत धरायला लावला.

"माझ्या सुरीची परीक्षा घेतेस?"

"माझ्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे, बाबा."

भावाने डोळे मिटून पायाजवळच्या म्यानातून सुरी उपसली. समोर ताणून बांधलेला दोर अर्धा कापला गेला आणि सुरी सटकून फरशीवर पडली. तो उगाच हसला. माझा राग सासऱ्यांचा चेहरा बघून कुठल्या कुठे गेला. मला त्यांची फार दया आली.

त्यांनी सुरी उचलली, पकडीत आवळली आणि जाड कानस स्वतःच्याच चकाकीवर चालवली. मुठीवर कोरलेली त्यांची खूणही खरवडली गेली. मग हातमोजा घालून त्यांनी स्वतःचा हात बर्फात बुडवला. बोटं आखडेपर्यंत ठेवला आणि तीन दोर कापले.

"ने," ते म्हणाले.

सोमवारी भट्टी पेटली नाही. दुपारी फोन वाजला तेव्हा त्यांनी मलाच उचलायची खूण केली.

"ताई, दोर कापून वर आलो," भाऊ म्हणाला.

मी ते मोठ्याने सांगितलं. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "हातातून घसरली?"

मी भावाला विचारलं. "नाही, बाबा."

मग उठून त्यांनी फळीवरून मासे कापणाऱ्या बायकांसाठी केलेल्या पाच चकचकीत सुऱ्या खाली काढल्या.

"यांचेही हात ओलेच असतात," ते म्हणाले. "सूनबाई, कानस दे."