चाव्या मिळाल्या

शुद्धलेखनाच्या चुका होतील, माफ करा. माझी शाळा आठवीत सुटली, शब्दही साधेच येतात. पण डिंडोलीतल्या आमच्या रिपेरिंगच्या दुकानात किस्से इतके साठलेत की आता पोटात मावत नाहीत.

*

गेमच्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवायचे, तर त्या मशीनमधली ‘की’ फाइल काढावी लागते. ती नसेल तर गेम उघडतच नाही. मालक योगेशभाऊंनी बोर्ड लावला, ‘गेमच्या चाव्या काढून मिळतील’.

पहिलाच गिऱ्हाईक म्हणाला, “माझ्या स्कूटरची पण काढून द्या!”

*

दुसऱ्याला घाई होती. “नेटवरून कोणाचीही चावी घे ना यार!”

भाऊ म्हणाले, “तुझ्या घराला कोणाचीही चालते का?”

*

एकदा दोन दिवस कॉम्प्युटर सांगत होता, चावी सापडली नाही. फाइल तर समोर होती! शेवटी कळलं, मी सेव्ह करताना नावाला मागे ‘टीएक्सटी’ चिकटलं होतं.

“चावी दिलीस, पण पिशवीत घालून!” भाऊ म्हणाले. सगळे हसले. मी टेबलाखाली स्क्रू शोधत बसलो. स्क्रू पडलाच नव्हता.

*

मग नवागामच्या सरलाकाकू आल्या. घरी बसून साड्यांना टिकल्या लावतात. मुलगी पिंकी लग्न होऊन नंदुरबारला गेलेली. तिने गेममध्ये आईसाठी घर बांधलं होतं. दोन खोल्या, पुढे फुलझाडं. ते मशीन काकूंकडेच होतं, पण त्याचा स्क्रीन फुटला होता.

“कॉम्प्युटरवर दाखव रे भाऊ. खरं घर तर एका खोलीचं आहे.”

मी मशीन टीव्हीला जोडलं, चाव्या काढल्या. आता घर कॉपी करायचं होतं. मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. चार वेळा विचारलं. मला वाटलं, परवानगी मागतंय. मी चारही वेळा हो म्हटलं.

ते सगळं पुसायचं विचारत होतं!

भाऊंनी टीव्हीची वायर काढून गुंडाळून ठेवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी नवागामला गेलो. दारातच सांगितलं, “काकू, चाव्या मिळाल्या. पण घर पुसलं गेलं. माझ्या हातून.”

काकूंच्या हातातली साडी तशीच राहिली. तेवढ्यात फोन वाजला. पिंकीचा. स्पीकरवर आवाज आला, “आई, झालं का? दिसतं का आपलं घर?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “हा ना बेटा, दिखस! हा दुकानातला भाऊ इथंच आहे, विचार त्याला.”

आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, “हो ताई. फुलं पण आलीत.”